सैनिकाच्या छातीवरील पदके : एक अभ्यास

आम्ही बँकेत नोकरी करतो. नोव्हेंबर महिना आला की आमच्या काउंटरसमोर निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातील एका वाडीवरून एक आजीबाई आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाला घेऊन आल्या. दाखल्याचे काम झाल्यावर नातवाने पिशवीतून फडक्यात बांधलेली चार पदके काढून आमच्यापुढे ठेवली. आजोबा तोफखान्यात गनर होते, १९७१ च्या लढाईत होते, एवढेच त्याला ठाऊक होते. गावात कोणी म्हणाले होते की ही शौर्यपदके आहेत आणि त्यांवर सरकार दरमहा भत्ता देते. दुसऱ्या कोणी म्हटले होते की चांदी नाही, मोडीत घाला. "साहेब, यातलं खरं काय?" असे त्याने विचारले.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. इतिहास हा आमचा आवडीचा विषय. तरीही त्या चार पदकांपैकी एकाचेही नाव आम्हांस सांगता आले नाही. "पुढच्या आठवड्यात या, चौकशी करून ठेवतो," असे म्हणून वेळ मारून नेली, परंतु मनाला ती गोष्ट लागून राहिली. ज्या समाजातील घरटी नाही तरी आळीगणिक एक तरी माणूस पलटणीत जाऊन आला, त्या समाजाला पदकाची भाषा वाचता येऊ नये, ही खेदाची बाब होय. त्या निमित्ताने आम्ही जो थोडाफार अभ्यास केला तो सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

१) दोन प्रकारची पदके

सैनिकाच्या छातीवर दिसणारी सगळी पदके सारखी नसतात. त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग शौर्यासाठी किंवा विशेष सेवेसाठी दिलेल्या सन्मानचिन्हांचा. एका ठरावीक माणसाने एका ठरावीक दिवशी केलेल्या कृत्यासाठी किंवा त्याच्या असाधारण सेवेसाठी ती दिली जातात. दुसरा वर्ग मोहिमेच्या व सेवेच्या पदकांचा. अमुक युद्धात, अमुक भागात, अमुक काळ जो जो हजर होता त्या प्रत्येकाला ती मिळतात. पहिल्या वर्गाचे पदक माणसाने काय केले ते सांगते, दुसऱ्या वर्गाचे पदक तो कुठे होता ते सांगते. दोन्ही कमावलेलीच असतात, हे मात्र विसरू नये.

इंग्रजी अमदानीत शौर्याची पदकेसुद्धा हुद्द्याप्रमाणे वाटलेली होती. शिपायाच्या शौर्यासाठी कंपनी सरकारने 'ऑर्डर ऑफ मेरिट' १८३७ मध्ये सुरू केली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत असे काहीच नव्हते. तिथे पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरली गेली, तेच त्यांचे पदक. 'व्हिक्टोरिया क्रॉस' हे सर्वोच्च पदक १८५६ मध्ये निघाले, पण भारतीय शिपायाला ते मिळण्याची मोकळीक १९११ मध्ये झाली. 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' म्हणजे डी.एस.ओ. हे १८८६ चे पदक केवळ अधिकाऱ्यांसाठी होते. म्हणजे पदक मिळवायचे तर आधी अधिकारी व्हायला हवे, आणि अधिकारी व्हायचे दार भारतीयांना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ बंदच होते.

२) तोफखान्याची गोष्ट

आपला विद्यार्थी तोफखान्यातील गनरचा नातू, म्हणून प्रथम तोफखान्याकडे वळू. भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन २८ सप्टेंबर रोजी साजरा करतो, कारण १८२७ साली त्या दिवशी मुंबई लष्करात गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली व तिची परंपरा आजतागायत चालू आहे. परंतु १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी डोंगरी तोफा वगळता भारतीयांच्या हाती तोफ ठेवली नाही. बंदूक द्यावी, पण तोफ देऊ नये, असे ते धोरण होते. ते बदलून १९३५ मध्ये बंगळूर येथे भारतीयांची पहिली मैदानी तोफखान्याची तुकडी उभी राहिली. पुढे आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ देवळाली येथे तोफखान्याची शाळा आली आणि ते गाव तोफखान्याचे माहेरघर बनले.

दार उघडल्यावर सात वर्षांत काय झाले पहा. २७ मे १९४२ रोजी लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमजवळ शत्रूचे रणगाडे भारतीय मोटार ब्रिगेडवर चालून आले. त्यांच्यासमोर भारतीय तोफखान्याची दुसरी मैदानी रेजिमेंट उभी होती. तिच्यातील मेजर कुमारमंगलम् यांना या लढाईतील कामगिरीबद्दल डी.एस.ओ. मिळाली. ते शत्रूच्या हाती सापडून कैदेतही राहिले. तोच तोफखान्याचा अधिकारी १९६६ ते १९६९ या काळात भारताचा सरसेनापती झाला.

दुसरे उदाहरण साध्या हवालदाराचे. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात हवालदार उमराव सिंग एका डोंगरी तोफेवर होते. जपानी पायदळ तोफेपर्यंत येऊन भिडले. गोळ्या संपल्यावर उमराव सिंगांनी तोफेचा लोखंडी दांडा उचलला. काही तासांनी प्रतिहल्ला करून आपले लोक तिथे पोचले तेव्हा ते बेशुद्ध पडलेले होते. अंगावर सात जबर जखमा होत्या आणि भोवती शत्रूचे दहा सैनिक मरून पडले होते. तोफ मात्र शाबूत होती, त्याच दिवशी ती पुन्हा चालली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तोफ वाचवण्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. पायदळाच्या पलटणीला निशाण असते, तोफखान्याचे निशाण म्हणजे खुद्द तोफ. ती शत्रूच्या हाती जाणे म्हणजे निशाण गमावणे. तोफखान्याचे ब्रीद 'सर्वत्र, इज्जत ओ इकबाल' असे आहे. तोफखाना प्रत्येक लढाईत असतो, म्हणून 'सर्वत्र' हाच त्याचा लढाईसन्मान.

तोफखान्याला पदके तुलनेने कमी का दिसतात, याचेही कारण समजून घ्यावे. तोफ शत्रूपासून कित्येक किलोमीटर मागे असते. गनरला आपला गोळा कुठे पडला हे दिसत नाही. पुढे पायदळाबरोबर तोफखान्याचा एक निरीक्षण अधिकारी बिनतारी यंत्र घेऊन चालतो. तो गोळा पडलेला पाहतो आणि मागे कळवतो, "उजवीकडे घ्या, पुढे टाका." त्याच्या एका शब्दावर पायदळाचे प्राण अवलंबून असतात. शौर्यपदकासाठी शिफारस लागते, शिफारशीला साक्षीदार लागतो. निरीक्षण अधिकाऱ्याला साक्षीदार असतात, मागच्या गनरला फारसे नसतात. १९९९ च्या कारगिल युद्धात सुमारे अडीचशे तोफांनी व उखळी तोफांनी अडीच लाखांच्या घरात मारा केला, पण शिखरावर झेंडा लावताना जे दिसले ते पायदळ. म्हणूनच तोफखान्यात संपूर्ण पलटणीला 'कारगिल'सारखा सन्मान-किताब देण्याची प्रथा आहे. २०२२ मध्ये द्रासजवळील ५१४० क्रमांकाच्या शिखराला 'गन हिल' असे नाव देण्यात आले, तेही या न दिसणाऱ्या हातांसाठीच.

३) आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण

आता आपल्या कोल्हापूर जिल्ह्याकडे येऊ. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गाव आहे, त्याच्या नावातच सारे आले. परंतु पदकांच्या अभ्यासासाठी आम्ही वडगावच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात यांचे उदाहरण घेतो. ते तोफखान्याचे नव्हेत, पायदळाचे. पण त्यांच्या छातीवरील दोन सन्मानचिन्हे शेजारी ठेवून पाहिली तर पदकांचा सगळा धडा त्यांत सापडतो.

थोरातांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते १९२६ मध्ये अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपान्यांची माघारीची वाट अडवण्यासाठी घनघोर लढाई झाली. तिथे गेलेल्या ५१ व्या ब्रिगेडचे वैशिष्ट्य असे की तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, सेन आणि आपले थोरात. भारतीय माणूस शिपाई म्हणून शूर असतो, पण पलटणीचे नेतृत्व त्याला झेपणार नाही, असे मानणारे इंग्रज अधिकारी तेव्हा पुष्कळ होते. थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने महिन्याच्या अखेरीस 'मेलरोज' नावाची टेकडी संगिनीच्या जोरावर जिंकली. तिघाही भारतीय प्रमुखांना डी.एस.ओ. मिळाली. त्या तीन पदकांनी एका जुन्या समजुतीला दिलेले उत्तर आम्हांस टेकडीइतकेच महत्त्वाचे वाटते.

दुसरे सन्मानचिन्ह अगदी वेगळ्या कामाचे. २७ जुलै १९५३ रोजी कोरियातील युद्ध थांबले, पण मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. दोन्ही पक्षांना मान्य असा तटस्थ पहारेकरी हवा होता. ते काम भारताकडे आले. सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांचे रक्षक दल गेले व त्याचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे सरकार भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईना, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट तटस्थ पट्ट्यात उतरवावे लागले. तिथल्या छावणीला त्यांनी 'हिंद नगर' नाव दिले.

हे कैदी काही गरीब गाईसारखे नव्हते. एकदा त्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवले. बाहेर बंदुका होत्या. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर शेकडो माणसे पडली असती. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, संतापलेल्या कैद्यांशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून बाहेर आले. जानेवारी १९५४ मध्ये काम संपले व दल परत फिरले. या सेवेबद्दल थोरातांना 'अशोक चक्र, वर्ग दोन' व 'पद्मश्री' हे सन्मान मिळाले. अशोक चक्राच्या या दुसऱ्या वर्गालाच १९६७ पासून 'कीर्ती चक्र' म्हणतात.

एकच माणूस. एक सन्मानचिन्ह टेकडी घेतल्याचे, दुसरे गोळी न चालवता माणसे सांभाळल्याचे. दुसऱ्या पदकावर नाव आहे सम्राट अशोकाचे. कलिंगाची लढाई जिंकल्यावर तिथल्या मनुष्यहानीचे दुःख ज्याने शिलालेखात कोरून ठेवले, त्या राजाच्या नावाने आपल्या प्रजासत्ताकाने शौर्यपदक काढावे, आणि ते रणांगणावर शत्रूला सामोरे जाण्याखेरीज इतर शौर्यासाठी राखून ठेवावे, याचा अर्थ आपण बौद्ध वाचकांना वेगळा सांगायला नको.

येथे एक गोष्ट नमूद करतो. थोरात पूर्व विभागाचे सेनापती असताना चीनच्या संभाव्य आक्रमणाविषयी त्यांनी वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता आणि १९६० मध्ये 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन तो धोका दाखवूनही दिला होता. तो मनावर घेतला गेला नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, १९६२ मध्ये व्हायचे ते झाले. त्या इशाऱ्यासाठी पदक नाही. सगळीच सेवा पदकांत मोजली जात नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

४) प्रजासत्ताकाची पदके

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना पूर्णपणे अमलात आली. त्याच दिवशी परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही तीन युद्धकालीन शौर्यपदके स्थापन झाली व ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. घटनेचे १८ वे कलम राज्याला किताब देण्यास मनाई करते, म्हणून रावबहादुर व खानबहादुर गेले. अपवाद फक्त दोन : सैनिकी सन्मान आणि विद्याविषयक सन्मान. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या घटनेत जन्माने वा मर्जीने मिळणाऱ्या मोठेपणाला जागा नाही, पण रणांगणावर आणि अभ्यासिकेत कमावलेल्या मोठेपणाला आहे. हे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे.

या नव्या पदकांत हुद्द्याचा भेद नाही, ही सर्वांत मोठी गोष्ट होय. शिपायाला वेगळे व अधिकाऱ्याला वेगळे, हा प्रकार संपला. जनरलला मिळेल तेच महावीर चक्र नाईकालाही मिळते. ओळखण्याच्या खुणा अशा : परमवीर चक्र काशाचे, फीत संपूर्ण जांभळी. महावीर चक्र चांदीचे, फीत अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी. वीर चक्रही चांदीचे, फीत अर्धी गडद निळी व अर्धी नारिंगी. अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र यांची फीत हिरवी, तिच्यावर अनुक्रमे एक, दोन व तीन नारिंगी उभ्या रेषा. परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केली. जन्माने परदेशी, पण एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून त्या इथल्याच झाल्या होत्या.

आता आपल्या घरातील उदाहरण. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध निवेदन तयार केले, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुढे नेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, गरज सरताच ती मोडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी पहिली महार पलटण उभी राहिली. कुठे? आपल्या चंदगडहून बाजाराला जातो त्या बेळगावात! आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

स्वातंत्र्यापूर्वीच ही रेजिमेंट मशीनगनची झाली. तोफखान्यासारखेच तिचे काम दुसऱ्यांना आधार देण्याचे होते. तिच्या तुकड्या निरनिराळ्या पायदळ पलटणींना वाटून दिल्या जात. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरमधील झांगर येथे पहिल्या महार पलटणीच्या नाईक कृष्णा सोनावणे यांनी केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. बेळगावात पलटण उभी राहिल्यास तेव्हा पुरती साडेसहा वर्षेही झाली नव्हती. पुढे ही रेजिमेंट सर्व जातिधर्मांच्या जवानांची झाली. १९८७ मध्ये श्रीलंकेत आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे.

या सर्वांवरून आमच्या अल्पमतीप्रमाणे एकच निष्कर्ष निघतो. तोफ हाती येईपर्यंत तोफखान्याचे पदक नाही, अधिकारपद मिळेपर्यंत डी.एस.ओ. नाही, भरतीचे दार उघडेपर्यंत महावीर चक्र नाही. शौर्य पूर्वीही होतेच, संधी नव्हती. संधी मिळताच काही वर्षांत पदक आले. आज शाळा-महाविद्यालयांच्या, स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत हाच हिशेब लावून पहावा.

५) घरातील पदकांचे काय करावे?

आता सभासदांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. भारतीय पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक व नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते, ते भिंगाने वाचून वहीत टिपून ठेवावे. सेवापुस्तिका व निवृत्तीची कागदपत्रे पदकांबरोबर जपावीत, कारण पदकांची नोंद त्यांत असते. पदक घासूनपुसून चकचकीत करू नये, कोरीव अक्षरे झिजतात. परमवीर, महावीर, वीर तसेच अशोक, कीर्ती व शौर्य या चक्रांना दरमहा भत्ता असतो व सैनिकाच्या पश्चात तो पत्नीला मिळतो, तेव्हा घरात असे पदक असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अवश्य चौकशी करावी. मोहिमेच्या पदकांना असा भत्ता नसतो.

आता त्या आजीबाईंचे. पुढच्या आठवड्यात त्या व त्यांचा नातू पुन्हा आले. चार पदके अशी निघाली : पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल व स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे स्मृतिपदक. चक्र एकही नव्हते. भत्ता मिळणार नव्हता. हे सांगताना आमची जीभ अडखळली, कारण वाडीवरून दोनदा येण्याचा खर्च त्यांनी या आशेवर केला होता. पश्चिमी स्टार म्हणजे १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर हजर असल्याची सरकारी खूण, असे आम्ही समजावून सांगितले आणि कडेवरचे नाव वाचून दाखवले.

आजीबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे ते तिथं हुते, एवढं तरी खरं न्हवं?"

"होय आजी, खरं," आम्ही म्हणालो.

त्यांनी चारही पदके पुन्हा फडक्यात बांधली व पिशवीत न टाकता नातवाच्या हातात दिली. मोडीत घालण्याची गोष्ट नंतर निघाली नाही.

अशी फडकी आपल्याही अनेक घरांत असतील. ती या वर्षी एकदा सोडावीत, कडेवरचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि आपल्या सोसायटीने तालुक्यातील माजी सैनिकांच्या पदकांची एक नोंदवही तयार करावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. त्या कामी आमच्याकडून लागेल ती मदत करण्यास आम्ही तयार आहोत.